गोपनीय कागदपत्रांचे प्रकटीकरण आणि त्याचे नैतिक समर्थन : कोल्हापूर प्रकरणापासून माहितीच्या अधिकारापर्यंत

प्रस्तावना

राज्यकारभारातील काही व्यवहार गुप्त ठेवावे लागतात, ही गोष्ट कोणत्याही राज्यव्यवस्थेला नाकारता येत नाही. लष्कराच्या हालचाली, परराष्ट्रांशी चाललेल्या वाटाघाटी, गुन्ह्याच्या तपासातील धागेदोरे यांची वाच्यता झाल्यास राज्याचे व प्रजेचेही नुकसान होते. परंतु गुप्ततेचे हेच आवरण अधिकाऱ्यांच्या चुका, जुलूम आणि भ्रष्टाचार झाकण्यासाठीही वापरले जाते, हाही इतिहासाचा अनुभव आहे. अशा वेळी एखाद्याने सरकारी गोपनीय कागद बाहेर आणून लोकांसमोर ठेवला, तर त्याला गुन्हेगार म्हणावे की लोकहितकर्ता, हा प्रश्न उपस्थित होतो.

या प्रश्नाची चर्चा करताना बहुधा पाश्चात्त्य उदाहरणे दिली जातात. व्हिएतनाम युद्धासंबंधीचे 'पेंटागॉन पेपर्स' डॅनियल एल्सबर्ग यांनी १९७१ मध्ये उघड केले. २०१० मध्ये विकिलीक्सने आणि २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकी सरकारची गुपिते जगासमोर आणली. तथापि महाराष्ट्राला या प्रश्नाचा परिचय त्याहून पुष्कळ जुना आहे. मराठी वृत्तपत्रसृष्टीला त्याची पहिली मोठी किंमत १८८२ मध्येच मोजावी लागली. कोल्हापूर प्रकरण, १८९७ च्या प्लेगच्या काळातील नामदार गोखले यांची क्षमायाचना, शासकीय गुपितांचे कायदे आणि स्वातंत्र्योत्तर काळातील काही घटना यांच्या आधारे गोपनीय माहितीच्या प्रकटीकरणाचे समर्थन कोणत्या अटींवर करता येते, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कोल्हापूर प्रकरण : उदात्त हेतू आणि बनावट पत्रे

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) यांचे ३० नोव्हेंबर १८७० रोजी युरोपच्या प्रवासात इटलीतील फ्लॉरेन्स येथे निधन झाले. त्यानंतर दत्तक घेतलेले शिवाजी महाराज (चौथे) अल्पवयीन असल्याने संस्थानाचा कारभार इंग्रज पोलिटिकल एजंटांच्या देखरेखीखाली चालू लागला. राव बहादुर माधवराव बर्वे हे कारभारी होते. पुढे महाराजांचे मन ठिकाणावर नसल्याचे सरकारकडून सांगितले जाऊ लागले. दुसरीकडे त्यांना क्रूरपणे वागविले जाते व त्यांना वेडे ठरविण्याचा घाट घातला जात आहे, असा प्रवाद महाराष्ट्रभर पसरला. १८७५ मध्ये बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांना पदच्युत करण्यात आले होते. त्याची आठवण ताजी असल्याने हा संशय लोकांना सहज पटला.

संशय पटण्याचे आणखी एक कारण होते. महाराजांच्या प्रकृतीविषयीचा आणि त्यांच्यावरील देखरेखीविषयीचा सारा पत्रव्यवहार सरकारच्या दप्तरात बंद होता. महाराजांना भेटून खरी स्थिती पाहण्याची मुभा प्रजेतील कोणालाही नव्हती. माहितीचे सर्व दरवाजे बंद असले की फटीतून आलेला प्रत्येक कागद खरा वाटू लागतो. नेमके तेच येथे घडले.

जानेवारी १८८१ मध्ये 'केसरी' व 'मराठा' ही पत्रे सुरू झाली होती. आगरकर 'केसरी'चे, तर टिळक 'मराठा'चे संपादक होते. वर्षभराच्या आतच या पत्रांनी कोल्हापूरच्या प्रश्नाला तोंड फोडले. याच सुमारास बर्वे यांच्या नावची काही पत्रे पुण्यात आली. महाराजांविरुद्धच्या कटात कारभाऱ्यांचाच हात आहे, असे त्या पत्रांवरून दिसत होते. ती खरी मानून या दोन्ही पत्रांनी बर्वे यांच्यावर जळजळीत टीका केली. बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद दाखल केली. मुंबई उच्च न्यायालयात खटला चालला तेव्हा ती पत्रे बनावट असल्याचे निष्पन्न झाले. संपादकांनी खेद व्यक्त केला. परंतु त्यामुळे शिक्षा टळली नाही. १७ जुलै १८८२ रोजी दोघांना चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. त्यांपैकी काही दिवसांची सूट मिळून २६ ऑक्टोबर रोजी त्यांची डोंगरीच्या तुरुंगातून सुटका झाली. टिळकांनी वयाची सव्विशी तुरुंगातच पूर्ण केली. आगरकरांनी या अनुभवावर 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस' हे पुस्तक लिहिले.

लोकमत मात्र संपादकांच्या बाजूने राहिले. खटला चालू असताना जामिनाची व्यवस्था करण्यात महात्मा फुले यांनी पुढाकार घेतला होता. सामाजिक प्रश्नांवर पुढे परस्परविरोधी ठरलेली माणसे या प्रसंगी एकत्र आली होती. सुटकेनंतर दोघांचे उत्साहाने स्वागत झाले. चरित्रग्रंथांतून या प्रकरणाकडे प्रायः त्यागाचा पहिला धडा म्हणून पाहिले जाते आणि ते योग्यही आहे. परंतु त्याची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप झाला ते शिवाजी महाराज २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगर येथे, त्यांच्यावर नेमलेल्या ग्रीन नावाच्या इंग्रज शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर मरण पावले. त्यांच्या हालांविषयीची मूळ तक्रार निराधार नव्हती, असे तेव्हा अनेकांना वाटले. पण ती तक्रार न्यायासनापुढे मांडण्याची संधी आधीच हातची गेली होती. १८८२ च्या खटल्यात प्रश्न 'महाराजांचा छळ होतो काय' हा न राहता 'पत्रे खरी काय' हा झाला आणि त्याचे उत्तर नकारार्थी आले. बनावट कागदाने खऱ्या गाऱ्हाण्याचा घात केला.

शासकीय गुपितांचा कायदा

कोल्हापूर प्रकरणानंतर सात वर्षांनी कलकत्त्यात याच स्वरूपाची, परंतु वेगळ्या परिणामाची घटना घडली. काश्मीरचे महाराज प्रतापसिंह यांचे अधिकार १८८९ मध्ये काढून घेण्यात आले. त्यांच्या नावची काही राजद्रोही पत्रे सापडल्याचे सांगण्यात आले. ती बनावट असल्याचे महाराजांचे म्हणणे होते. ऑक्टोबर १८८९ मध्ये 'अमृत बाझार पत्रिके'ने परराष्ट्र खात्यातील एका गोपनीय टिपणाचा मजकूर छापला. काश्मीरविषयीच्या धोरणामागे प्रजेच्या कल्याणापेक्षा गिलगिटच्या सरहद्दीचा विचार आहे, असे त्यावरून सूचित होत होते. मजकुराचा काही भाग मूळ टिपणाशी जुळतो, उरलेला बनावट आहे, असा पवित्रा लॉर्ड लॅन्सडाउन यांच्या सरकारने घेतला. इंग्लंडमध्ये त्याच वर्षी झालेल्या कायद्याचा नमुना हाताशी होताच. त्याच महिन्यात हिंदुस्थानात शासकीय गुपितांचा पहिला कायदा संमत झाला.

या घटनेतील विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. टिपणातील कोणता भाग खरा व कोणता खोटा, हे ठरविण्यास लागणारा मूळ कागद केवळ सरकारजवळ होता. सरकारने तो दाखविला नाही. तो मागणाऱ्यालाच गुन्हेगार ठरविणारा कायदा मात्र केला. म्हणजे चुकीच्या प्रकटीकरणावर सरकारने शोधलेला उपाय अचूक प्रकटीकरण हा नव्हता, तर अधिक गुप्तता हा होता.

प्लेगचे वर्ष, चिंचवड आणि गोखले यांची क्षमायाचना

पुण्यातील १८९७ चा प्लेग आणि चिंचवडचे चापेकर बंधू यांचा इतिहास सर्वपरिचित आहे. प्लेग निवारणाच्या निमित्ताने गोऱ्या शिपायांकडून घरांची झडती घेतली जात होती. त्यातून नागरिकांचा अपमान झाल्याच्या तक्रारी सर्वत्र होत्या. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. १८ एप्रिल १८९८ रोजी दामोदर चापेकर आणि पुढे १८९९ च्या मे महिन्यात बाळकृष्ण व वासुदेव चापेकर फाशी गेले.

या घटनांच्या काळात गोपाळ कृष्ण गोखले इंग्लंडमध्ये होते. वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी ते तिकडे गेले होते. पुण्यातील मित्रांकडून त्यांना खासगी पत्रे येत होती. सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा गंभीर आरोप त्यांत होता. गोखले यांनी तो इंग्लंडमधील वृत्तपत्रातून मांडला आणि पार्लमेंटपर्यंत खळबळ उडाली. मुंबई सरकारने आरोपाचे पुरावे मागितले. गोखले परतल्यावर पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कोणीही उघडपणे पुढे येण्यास तयार नव्हते आणि त्यांची नावे सांगणे गोखले यांना विश्वासघाताचे वाटले. टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला होता. शहरात जादा पोलीस बसविले होते. अशा वातावरणात साक्षीदार मिळणार तरी कसे? अखेर ऑगस्ट १८९७ मध्ये गोखले यांनी बिनशर्त क्षमा मागितली. त्यासाठी त्यांना स्वकीयांची कठोर टीका पुढे अनेक वर्षे सोसावी लागली.

कोल्हापूर प्रकरण आणि हे प्रकरण यांत वरवर साम्य असले तरी एक मूलभूत भेद आहे. पहिल्यात कागद खोटे ठरले. दुसऱ्यात आरोप खोटा ठरला नाही, तो केवळ सिद्ध झाला नाही. गोखले यांनी क्षमा मागितली ती सिद्ध करता न येणारी गोष्ट जाहीरपणे बोलल्याबद्दल. त्यांच्या या कृतीला दुर्बलता म्हटले गेले. परंतु प्रकटीकरण करणाऱ्याच्या उत्तरदायित्वाचे ते एक कठोर उदाहरण आहे, असेही म्हणता येईल. स्वतः दंड सोसून त्यांनी माहिती देणाऱ्यांना वाचविले.

चिंचवडच्या संदर्भात आणखी एका कागदाची नोंद घेणे आवश्यक आहे. दामोदर चापेकर यांनी तुरुंगात आपली आत्मकथा लिहिली. ती पोलिसांच्या दप्तरात राहिली आणि तिचे इंग्रजी भाषांतर तत्कालीन मुंबई राज्य सरकारने १९५८ मध्ये स्वातंत्र्यलढ्याच्या साधनग्रंथात प्रथम प्रसिद्ध केले. मधली साठ वर्षे चिंचवडच्या या तरुणाचे स्वतःचे म्हणणे त्याच्या गावालाही वाचता आले नाही. त्याच्याविषयी जे काही सांगितले गेले ते न्यायालयीन निवाड्यावरून, वृत्तपत्रांवरून किंवा ऐकीव आठवणींवरून. १९५८ मध्ये ते कागद प्रसिद्ध झाले तेव्हा कोणत्याही राज्याची सुरक्षितता धोक्यात आली नाही. इतिहासाची एक बाजू मात्र उजेडात आली. गुप्ततेचे कारण संपल्यावरही गुप्तता केवळ सवयीने कशी टिकून राहते, याचे हे बोलके उदाहरण होय.

१९०३–०४ चा वाद

लॉर्ड कर्झन यांच्या सरकारने १९०३ मध्ये गुपितांच्या कायद्यात दुरुस्ती सुचविली. लष्करी व आरमारी गुपितांबरोबर मुलकी कारभाराच्या बाबीही कायद्याच्या कक्षेत आणण्याचा तिचा हेतू होता. मध्यवर्ती कायदेमंडळात या विधेयकाला जोरदार विरोध करणाऱ्यांत गोखले अग्रभागी होते. मुलकी बाबींची व्याख्या इतकी व्यापक ठेवल्यास कारभारावर टीका करणारे कोणतेही वृत्तपत्र अधिकाऱ्यांच्या मर्जीवर जगेल, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता. विरोध होऊनही १९०४ मध्ये दुरुस्ती संमत झाली.

सहा वर्षांपूर्वी असिद्ध माहितीसाठी क्षमा मागणारेच गोखले येथे गुप्ततेच्या विस्ताराविरुद्ध उभे राहिलेले दिसतात. यात विसंगती नाही. सिद्ध न करता आलेल्या आरोपाची किंमत ज्याने मोजली होती, त्याला सिद्धतेची साधनेच हिरावून घेणाऱ्या कायद्याचा धोका सर्वांत आधी कळला, असा अर्थ लावणे अधिक सयुक्तिक ठरेल.

यानंतर १९२३ मध्ये संमत झालेला शासकीय गुपिते अधिनियम स्वातंत्र्यानंतरही कायम राहिला. त्याच्या कलम ५ नुसार गोपनीय माहिती अनधिकृतपणे देणाराच नव्हे, तर जाणूनबुजून ती स्वीकारणाराही दोषी ठरू शकतो. 'गुपित' कशाला म्हणावे याची नेमकी व्याख्या मात्र या अधिनियमात नाही.

स्वातंत्र्योत्तर काळ : कागदापासून न्यायालयापर्यंत

प्रजासत्ताकात राज्याचा मालक नागरिक असतो. त्यामुळे गुप्ततेचे समर्थन करण्याची जबाबदारी शासनावर येते. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये राज नारायण प्रकरणात लोकसेवकांची सार्वजनिक कृत्ये जाणून घेण्याचा नागरिकांचा हक्क मान्य केला, तेव्हा हेच तत्त्व अधोरेखित झाले.

महाराष्ट्रात या तत्त्वाची कसोटी १९८१ मध्ये लागली. त्या काळी सिमेंट ही नियंत्रित वस्तू होती व तिचे वाटप शासनाच्या हाती होते. 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये अरुण शौरी यांनी ऑगस्ट १९८१ मध्ये लिहिलेल्या लेखात इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानला बांधकाम व्यावसायिकांनी दिलेल्या देणग्या आणि त्यांना झालेले सिमेंटचे वाटप यांचा संबंध कागदपत्रांच्या आधारे दाखविण्यात आला. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या निकालानंतर मुख्यमंत्री बॅ. अ. र. अंतुले यांना राजीनामा द्यावा लागला. फौजदारी कारवाई मात्र पुढे अनेक वर्षे रेंगाळली. तो खटला उच्च न्यायालयाकडे सोपविण्याचा १९८४ चा आपलाच आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये रद्द केला. कोल्हापूर प्रकरणाशी तुलना केल्यास दोन्ही ठिकाणी वृत्तपत्राने सत्तेला आव्हान दिले. परंतु १८८२ मध्ये कागद न्यायालयात टिकले नाहीत आणि न्यायालय कागदांपुढे जाऊ शकले नाही. १९८२ मध्ये नोंदींची एकमेकींशी पडताळणी शक्य होती, म्हणून निवाडा मूळ प्रश्नावर झाला. फरक धैर्याचा नव्हता, पडताळणीचा होता.

अलीकडील राफेल प्रकरणाने या चर्चेला आणखी एक पैलू जोडला. 'द हिंदू'ने प्रसिद्ध केलेली संरक्षण मंत्रालयाची कागदपत्रे चोरीची असल्याने न्यायालयाने ती पाहू नयेत, असा शासनाचा आक्षेप होता. १० एप्रिल २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने फेटाळला. मात्र १४ नोव्हेंबर २०१९ रोजी पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. फुटलेला कागद विचारात घेणे आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष मान्य करणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे यातून स्पष्ट झाले.

माहितीचा अधिकार आणि त्याची मर्यादा

अण्णा हजारे यांच्या आंदोलनांमुळे महाराष्ट्रात माहितीच्या अधिकाराचा कायदा २००२ मध्ये लागू झाला आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्रीय अधिनियम अंमलात आला. त्याच्या कलम ८(२) नुसार, प्रकटीकरणातील लोकहित हे होणाऱ्या हानीपेक्षा अधिक असेल तर शासकीय गुपिते अधिनियम असूनही माहिती देता येते. कलम २२ नुसार दोन्ही कायद्यांत विसंगती असल्यास माहितीचा अधिकार श्रेष्ठ ठरतो. कलम ८(३) ने वीस वर्षांपूर्वीच्या बहुतेक बाबींवरील निर्बंध सैल केले. चापेकरांच्या आत्मकथेला साठ वर्षे वाट पाहावी लागली होती, हे ध्यानात घेतल्यास या तरतुदीचे महत्त्व पटेल. कागद फोडण्याऐवजी कागद मागण्याचा राजमार्ग नागरिकाला मिळाला.

तथापि हा राजमार्गही निर्धोक नाही. चिंचवडपासून लोहमार्गावर काही स्थानके पुढे असलेल्या तळेगाव दाभाडे येथील कार्यकर्ते सतीश शेट्टी यांनी याच अधिकाराचा वापर करून जमीन व्यवहारांतील गैरप्रकारांचा पाठपुरावा केला होता. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला गेले असता त्यांचा खून झाला. त्यांनी कोणतेही गुपित फोडले नव्हते. कायद्याने दिलेला अर्ज तेवढा केला होता. गैरप्रकार उघड करणाऱ्यांना संरक्षण देणारा केंद्रीय कायदा २०१४ मध्ये संमत झाला, परंतु तो संमत होऊनही दीर्घकाळ अंमलात आणला गेला नाही. वैध मार्गाने माहिती मागणारा जोपर्यंत सुरक्षित नाही, तोपर्यंत नाव लपवून कागद बाहेर देणाऱ्याला 'वैध मार्गाने का गेला नाहीस' असे विचारण्याचा नैतिक अधिकार शासनाला पूर्णतः प्राप्त होत नाही.

समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला असा की, केवळ हेतूच्या शुद्धतेवर गोपनीय कागदांच्या प्रकटीकरणाचे समर्थन होऊ शकत नाही. टिळक-आगरकरांच्या हेतूविषयी शंका घेण्यास जागा नाही. तरीही बनावट पत्रांनी त्यांच्याच कार्याची हानी केली. दुसरा असा की, केवळ कायद्याच्या उल्लंघनावरून प्रकटीकरण निषिद्धही ठरत नाही. १८८९ पासूनचे कायदे राज्याच्या सुरक्षिततेसाठी जितके वापरता येतात, तितकेच अधिकाऱ्यांच्या सोयीसाठीही.

या दोहोंमधील कसोटी पडताळणीची आहे. कागदाचा विषय लोकहिताचा असावा, तो मिळविण्याचे वैध मार्ग बंद किंवा धोक्याचे असावेत, आणि प्रकट करणाऱ्याने तो अशा रीतीने पुढे ठेवावा की इतरांना त्याची सत्यता तपासता येईल. तपासात तो खोटा ठरल्यास त्याचे उत्तरदायित्व स्वीकारण्याची तयारीही असावी. ज्या कागदामुळे सैनिकांचे, साक्षीदारांचे किंवा निरपराध व्यक्तीचे जीवित धोक्यात येते, तो या कसोटीला उतरत नाही. १८९७ मध्ये गोखले यांनी साक्षीदारांची नावे झाकून स्वतः क्षमा मागितली, ती याच मर्यादेचे भान ठेवून.

मात्र ही कसोटी एकट्या पत्रकारावर किंवा नागरिकावर लादणे अन्यायाचे होईल. मूळ कागद ज्याच्या कुलुपात आहे, पडताळणीची किल्लीही त्याच्याच हाती असते. कोल्हापूरच्या राजाची स्थिती निःपक्षपाती माणसांना पाहू दिली असती, तर बनावट पत्रांवर कोणी विश्वास ठेवला नसता. आणि छळ खरा असता तर तो पत्रांवाचूनही सिद्ध झाला असता. खोट्या कागदांचा सुळसुळाट गुप्ततेच्याच अंधारात होतो. म्हणून कागद का फुटला, या प्रश्नाआधी तो बंद का ठेवला होता, या प्रश्नाचे उत्तर शासनाने देणे लोकशाहीत अपरिहार्य आहे.